वेदीवरची राख

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, अजूनही नाही... बहुतेक. हे लिहावं की नाही यात बरेच दिवस गेले. पण राग काही जात नाही, म्हणून लिहिते.

मी ख्राइस्टचर्चला युनिव्हर्सिटीत पुरातत्त्व शिकते. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बाबा सुतार, भूकंपानंतरच्या बांधकामासाठी इथे आले, मागून आई आणि मी. या उन्हाळ्यात मला डिपार्टमेंटच्या स्टोअररूममध्ये वस्तूंची नोंद करायचं काम मिळालं. ते नीट झालं तर पदवीनंतरच्या ऑनर्सच्या वर्षाला घेऊ, असं माझा सुपरवायझर ग्रॅहम म्हणाला होता.

तिथे ब्रिटनहून आलेली, गुडघ्याएवढी एक दगडी वेदी आहे. रोमन साम्राज्याच्या उत्तर टोकाला, ब्रिटनमध्ये, सैनिक मिथ्रास नावाच्या देवाला भजायचे — गुहेसारख्या अंधाऱ्या खोलीत. वेदीवर देवाचा चेहरा, मुकुटाचे किरण आरपार कोरलेले. मागे दिवा ठेवला की किरण उजळतात. धूप म्हणून ते पाइन कोन, म्हणजे पाइनच्या झाडाची सुकी बोंडं, जाळत. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मित्राय नमः... सूर्यनमस्कारातला पहिलाच की. आपल्याच ओळखीतला निघाला." अभ्यासकांचं यावर एकमत नाही, हे मी सांगत बसले नाही.

पहिल्याच दिवशी माझा पाय वेदीला लागला. मी वाकून तिला हात लावला आणि तो छातीशी नेला. सवय — पुस्तकाला पाय लागला तरी करते. ग्रॅहम दारात उभा होता. "पूजा सुरू झाली वाटतं," म्हणून हसला. मीही हसले.

चौथ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, मी मोजमापं लिहीत होते आणि धुराचा वास आला. राळेसारखा, गोडसर. वळून बघितलं तर मुकुटाच्या किरणांतून पिवळा उजेड येत होता. मागे जाऊन पाहिलं. मागे काहीच नव्हतं. वेदीच्या माथ्यावर मूठभर राख, आणि दगड इतका गरम की हात ठेववेना.

मीच धावत जाऊन ग्रॅहमला आणलं. तोवर उजेड गेला होता.

"अगरबत्ती?" त्याने विचारलं.

"नाही. मी काहीच पेटवलं नाही."

"हे बघ, तुमच्यात ते महत्त्वाचं असतं, मी समजू शकतो. पण इथे नको."

त्याने अपघात नोंदीचा फॉर्म भरला. कारण: विद्यार्थिनीने धूप जाळला. घरी बाबा म्हणाले, "सही करून टाक बाळा. ऑनर्स जाईल. आपण इथे भांडायला आलो नाही." मी सही केली, स्टोअररूमची चावी ग्रॅहमला परत दिली. त्या सहीचा मला ग्रॅहमपेक्षा स्वतःचाच जास्त राग येतो.

दोन आठवड्यांनी लॅब टेक्निशियन अरोहाचा फोन आला. "ये लवकर. परत झालंय."

वेदीवर ताजी राख होती. अरोहाने चिमूटभर राख मायक्रोस्कोपखाली धरली. "पाइन कोन," ती म्हणाली. "आणि चावी तुझ्याकडेच होती ना, ग्रॅहम?"

ग्रॅहम ब्रशने राख गोळा करत होता. "कुणीतरी गंमत करतंय," तो पुटपुटला.

मी होते तेव्हा त्याला 'कुणीतरी' सुचलं नव्हतं.

"माझा फॉर्म परत द्या," मी म्हटलं.

"तो आता सिस्टिममध्ये गेला. तू कशाला मनाला लावून घेतेस?"

"मग मला कोरा फॉर्म द्या."

त्याच्या टेबलावर बसून मी तो भरला. दोन्ही दिवस, वेळा, चावी कोणाकडे होती, अगरबत्ती नव्हती, सगळं. 'कारण' या रकान्याशी अडले. ग्रॅहम समोर उभा होता. "काय लिहिणार?" त्याने विचारलं.

मी लिहिलं, "माहीत नाही." खाली सही केली.

ऑनर्सचं अजून कळलेलं नाही. आणि त्या रकान्यात आजही मला दुसरं काही लिहिता येणार नाही.