चालू कारखाना

आमच्या टॉकीजचे दारवान आधी मिलमध्ये लूमवर होते. मिल बंद पडली आणि हातात टॉर्च आला. लूमच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय मात्र सुटली नाही. अंधारात ते, आमच्याकडे भाऊला म्हणतात तसं, "बसा भिया" म्हणाले की अर्धी रांग दचकायची.

तेव्हा लढाईचा एक सिनेमा जोरात होता. गॉगलवाले देखणे कमांडो चोरून दुश्मनाच्या मुलखात शिरतात आणि त्याचा कारखाना उडवतात. त्या सीनला शिट्ट्या पडायच्या, आणि दारवान नेमके बाहेर येऊन उभे राहायचे.

"काका, सगळ्यात भारी सीन सोडता?" मी एकदा विचारलं.

पहिल्यांदाच ते हळू बोलले. "दुश्मनाचा असला तरी चालू कारखाना आहे, भिया. पाळीचा भोंगा वाजतो, तेवढा ऐकतो मी. आगे का अपने से नहीं देखा जाता."