पाराच्या वेळेला टाकलेला व्हिडिओ

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, आणि माझ्या खुर्चीत बसून घरातलं सगळं मला सांगून जाणाऱ्या बायकांजवळ तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते. पण त्याआधी थोडी बढाई मारणार आहे — मारू द्या. ती ऐकल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

वडवणीच्या बाजारपेठेत माझं पार्लर आहे. भुवया, फेशियल, नवरीचा मेकअप, आणि काचेच्या कपाटात थोड्या बांगड्या-टिकल्या. पण तालुक्यात माझं नाव आहे ते भुवयांमुळे नाही. व्हिडिओ कधी टाकायचा हे सांगणारी बाई म्हणून आहे. ट्रॅक्टरच्या शोरूमचा मालक मला विचारून व्हिडिओ टाकतो. भांडीवाला विचारतो. मागे एक भजनी मंडळ आलं होतं, पेटी-पखवाजासकट, आमचा अभंग कधी टाकावा म्हणून. मी वेळ सांगितली आणि त्यांचा अभंग पार परळीपर्यंत वाजला. आता बोला.

ॲप स्वतःहून सांगतं की तुमचे लोक अमुक वेळेला जागे असतात. ॲपला काय कळतंय? ॲपला फोन दिसतो, तो कुणाच्या हातात आहे ते दिसत नाही. आमच्याकडे बऱ्याच घरांत फोन एकच, आणि तो नवऱ्याच्या खिशात. दिवे लागायच्या सुमाराला पुरुष मंडळी पारावर, चहाच्या हॉटेलात, स्टँडवर अंगठा फिरवत बसलेली असतात. ही पाराची वेळ. मग माणूस घरी येतो, फोन चार्जिंगला लावतो, जेवायला बसतो, आणि जेवण झालं की हात धुऊन पुन्हा बाहेर चक्कर मारायला जातो. फोन भिंतीलाच राहतो. बाई भांडी आवरते, पदराला हात पुसते आणि तो फोन उचलते. म्हणजे पुरुष ताटावर बसले की आपण व्हिडिओ टाकून मोकळं व्हायचं. ही ताटाची वेळ. ट्रॅक्टर, बैलं, पुढाऱ्याचा वाढदिवस पाराच्या वेळेला. साडी, मेहंदी, ब्लाऊज ताटाच्या वेळेला. ऐकायला किती सोपं आहे! पण माझ्याआधी कुणाला सुचलं होतं का? मला सुचलं. याचा मला अभिमान होता, आजही आहे, आणि हे लिहितानासुद्धा तो काही कमी होत नाही.

आता शारदाचं.

शारदा माझ्या दुकानाच्या ओट्यावर मशीन मांडून ब्लाऊज शिवायची. जवळच्याच एका वस्तीवरची. दिवाळीच्या पुढेमागे ती आणि तिचा नवरा भागवत ऊसतोडीला जायचे, पोरगी आजीकडे राहायची, आणि गुढीपाडव्याच्या आसपास शारदा पुन्हा ओट्यावर हजर. मशीन तोवर माझ्याकडेच, चादरीखाली. तिच्या हाताला काय होतं ते मला सांगता येत नाही. कपडा तिच्यापुढे आला की मुकाट्याने तिचं ऐकायचा. जुन्या इरकलीचे काठ कापून ती नव्या ब्लाऊजला असे बसवायची की बाई आरशासमोरून हलायची नाही. त्या वर्षी तिने एक नवीनच काढलं — पाठीच्या गळ्यावर बाजरीचं कणीस. मोर नाही, कमळ नाही, बाजरी. दाणा न् दाणा दोऱ्याचा. मी बघितलं आणि मला आधी आनंद झाला, हे खरं सांगते. आधी आनंदच झाला.

त्या वर्षी तिला ऊसतोडीला जायचं नव्हतं. पोरीजवळ राहून शिलाई करायची होती. पण ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई घरी राहिली तर निम्म्या कोयत्याला टोळीत कोण घेणार? भागवत तसा समजूतदार माणूस. तो म्हणाला, दसऱ्यापर्यंत बाहेरगावची शिलाई येऊ दे. आली, तर तू राहा, मी भावाबरोबर जातो. न्हाई आली, तर मला बोल लावायचा न्हाई. एवढंच ठरलं होतं. आणि बाहेरगावची शिलाई आणायची म्हणजे व्हिडिओ, आणि व्हिडिओ म्हणजे मी.

ब्लाऊज बाहुलीवर चढवून दाखवला असता तर चाललं असतं. मीच म्हटलं, नको, तूच घाल, अंगावर शिवण खुलते. ती पाठमोरी उभी राहिली. चेहरा नाही, फक्त पाठ, ते कणीस आणि तिचा आवाज — काठ कुठून घेतला, गळा कसा कापला. बोलायच्या आधी तिने मान वळवून मला विचारलं होतं.

"ताई, बायाच बघतील ना?"

"बायाच. ताटाच्या वेळेला टाकते की. कावून भेतीस?"

हे शब्द माझे. तेव्हा ते खरे होते. मी खोटं बोलायला म्हणून बोलले नव्हते, पण त्याचं काय करायचं आता?

व्हिडिओ तयार झाला, चांगला दिवस बघून टाकायचा म्हणून ठेवला. दोन दिवसांनी भर दुपारी मी एका गिऱ्हाइकाच्या भुवया करत होते, दोरा दातात. शारदा माझा फोन घेऊन आपलाच एक जुना, न टाकलेला व्हिडिओ बघत होती, लेस लावतानाचा, नुसते हात दिसणारा. तिच्याकडून चुकून बटण दाबलं गेलं आणि तो माझ्या पेजवर गेला. भर दुपारी! ना पाराची वेळ, ना ताटाची. मी हसले. म्हटलं, राहू दे, कोण बघतंय आता.

सगळ्यांनी बघितलं. माझ्या नवरीच्या मेकअपच्या व्हिडिओंना, जे मी वेळ साधून साधून टाकायचे, त्यांना मिळालं नसेल एवढं त्या लेसच्या चिमूटभर व्हिडिओला मिळालं. शेजारच्या दुकानदाराची बायको खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "ताई, शारदाच्या हातालाच गुण हाय. तिला टाइम-बीम काय लागत न्हाई." आणि दुकानातल्या सगळ्या जणी हसल्या. शारदाही हसली — लाजून, खाली बघून. मीसुद्धा हसले.

तुम्हाला वाटेल, एवढ्यावरून? हो. एवढ्यावरूनच. माझ्याकडे दुसरं होतं काय? हात माझा बरा आहे, पण अशा हाताच्या बायका पन्नास. वेळ — ती एक माझी होती. ती लागतच नाही असं माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीत बसून कुणी म्हणावं? मी मनात म्हटलं, बघूच आता. वेळ लागत नाही काय? एकदा पडू दे व्हिडिओ. एकदा आपटला की मग मी तो काढीन, ताटाच्या वेळेला पुन्हा टाकीन, चालवून दाखवीन, आणि सगळ्या जणींना कळेल की गुण हाताला असतो तसा वेळेलाही असतो.

त्याच दिवशी दिवे लागताना, समोर स्टँडवर पुरुषांची ही गर्दी — मी बाजरीचं कणीस टाकलं.

पडला नाही तो. इथे माझा हिशेब चुकला, आयुष्यात एकदाच. पारावरचे पुरुष ब्लाऊज बघून पुढे जातील असं मी धरलं होतं. ते गेले नाहीत. थांबले. ते ब्लाऊज बघत नव्हते. खाली एकेक जण लिहायला लागला. काय लिहिलं ते इथे येणार नाही. माझ्या शारदाच्या पाठीवर, जिला मी बायाच बघतील म्हणाले होते.

मी शटर ओढत होते तेव्हा मला ते दिसलं. फोन हातात होता, काढायला एक अंगठा पुरला असता. आणि आता ऐका — इतका वेळ फिरून फिरून मी जिथे यायचं टाळते आहे ते हे. मी काढला नाही. बघणाऱ्यांचा आकडा वर चालला होता. माझ्या पेजवर कधीही चढला नव्हता इतका वर, डोळ्यांदेखत, आणि तो बघताना मला काय वाटलं माहीत आहे? आपलं नाव झालं, असं वाटलं. अभिमान वाटला. कुणाचा, कशाचा, विचारू नका. मी घरी गेले, भाकरी केल्या, मधून मधून आकडा बघितला.

सकाळी भागवत दुकानासमोर उभा होता. कुणीतरी पारावर त्याच्या नाकासमोर फोन धरला होता. आवाज त्याने ओळखला होता, आणि गावानेही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओट्याखालीच थांबला, पायरी चढला नाही.

"ताई, तेवढा काढा जी तो."

मी त्याच्यासमोर काढला. म्हटलं, "ॲपचं काय सांगता येतंय, भाऊ? कुणाला दाखवील न् कुणाला न्हाई." त्याने मान हलवली. त्याला पटलं. वेळेच्या बाबतीत या तालुक्यात माझा शब्द कुणाला पटत नाही?

दसऱ्यापर्यंत कुणी शिलाई घेऊन आलं नाही. ज्या बायकांनी यायचं त्यांच्या हातात तो व्हिडिओ गेलाच नव्हता, आणि आता तो पुन्हा टाकायची सोय उरली नव्हती. शारदा ओट्यावर बसली आणि सुईच्या टोकाने ते कणीस उसवलं. दाणा दाणा. दोरा चांगला होता म्हणून पुन्हा रिळावर गुंडाळला. मी आत एका पोरीचे केस धुवत होते, मला आरशातून सगळं दिसत होतं. दिवाळी झाली आणि ती कोयत्याबरोबर गेली. मशीनवर चादर मी घातली.

पाडव्याला आली तेव्हा माझ्यासाठी कारखान्याकडची गुळाची ढेप घेऊन आली. म्हणाली, "ताई, तुमी व्हत्या म्हणून लगोलग काढला तरी. दुसऱ्या कुणी ठिवला असता." मी गूळ घेतला. त्याचा चहा केला, तिलाही दिला.

ती अजून माझ्याच ओट्यावर शिवते. पण गळे नाही. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, परकर. कुणी बाई डिझाइन मागायला आली की म्हणते, मला नाही जमत. तिला नाही जमत! मी आत असते आणि ऐकते. आणि दर वर्षी दिवाळीनंतर मशीनवर चादर येते.

माझं पेज मात्र वाढलं. त्या एका रात्रीत जे लोक आले ते गेले नाहीत, त्यांच्यामुळे आणखी आले, आणि ट्रॅक्टरवाला, भांडीवाला, भजनी मंडळ हे सगळे त्याच्यानंतरचे. आता मी तालुक्यातल्या बचतगटांच्या बायकांना शिकवायलाही जाते. पहिलं वाक्य ठरलेलं आहे — व्हिडिओ टाकायच्या आधी विचारा, या घडीला फोन कुणाच्या हातात आहे? बायका माना डोलवतात, वहीत उतरवून घेतात. वाक्य चांगलंच आहे. माझंच आहे. हे मला त्या संध्याकाळच्या आधीपासून ठाऊक होतं, त्या संध्याकाळीही ठाऊक होतं. फोन कुणाच्या हातात आहे हे या सबंध तालुक्यात एका बाईला पक्कं माहीत होतं, आणि बटण तिनेच दाबलं.

सध्या शारदा उसाच्या फडात आहे. तिच्या हातात फोन कधी येतो, तेही मला माहीत आहे. भागवत कारखान्यावर उसाची गाडी खाली करून येतो, भाकरी खाऊन कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, आडवा होतो, आणि फोन उशाशी ठेवतो. तो डोळा लागेपर्यंत ती थांबते, मग फोन घेऊन बांधावर येते. आधी पोरीला लावते, नंतर मला. माझ्याशी बोलून झालं की थोडा वेळ माझं पेज बघत बसते, तसं तिनेच मला सांगितलं आहे. तेवढा वेळ तो फोन तिचा असतो.

हे लिहिलेलं मी पेजवर त्याच वेळेला टाकणार आहे.