मला हर्निया नव्हता
परवा इथे आखातात, अल रीमला, आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये, शेजारच्या इंग्रिडने मला विचारलं, गर्भाशय काढलं का? तेही खणखणीत इंग्लिशमध्ये... आणि लिफ्टमध्ये चार पुरुष उभे.

मी तिला फक्त पोटाचं ऑपरेशन झालं एवढंच म्हणाले होते. भारतात तर सगळ्यांना हर्निया सांगितला होता. आमच्याकडे असंच सांगतात. माझ्या आईनेही 'बारीकसं ऑपरेशन' म्हणून वेळ मारून नेली होती, खरं काय ते मला माझ्या लग्नानंतर कळलं.

लिफ्टमधून बाहेर पडल्यावर मी इंग्रिडला सुनावलंच. ती नॉर्वेची, तिला काही कळेना. तिचंही हेच ऑपरेशन झालेलं आणि तिने ऑफिसात सगळ्यांना सांगितलेलं.

मग तिच्याकडे कॉफी पिताना तिने त्यांचा शब्द सांगितला... 'लीव्हमूर'. मूर म्हणजे आई. लीव्ह म्हणजे एरवी आयुष्य, पण या शब्दात त्याचा जुना अर्थ राहिलाय, शरीर किंवा पोट. थोडक्यात, पोटातली आई.

तुम्ही काय म्हणता, तिने विचारलं. म्हटलं, पुस्तकात गर्भाशय, पण बायका आपसात पिशवी म्हणतात.

"पिशवी? भाजी आणायची?"

हसले... टाके दुखले. पण घरी आल्यावर हसू राहिलं नाही. माझी दोन्ही मुलं त्या गर्भाशयात वाढली, आणि ते काढून टाकताना मी त्याचं साधं नाव घेतलं नव्हतं.

पुण्याला धाकट्या बहिणीला, शुभाला, फोन लावला. हर्निया नव्हता, गर्भाशय काढलं, दोन वर्षं अंगावरून खूप जात होतं, असं एका दमात सांगून टाकलं.

"ताई, मलाही दिवाळीपासून तेच होतंय गं. तुला विचारणार होते... पण तुझा तर हर्निया."

मी तिला रागावले. मग लक्षात आलं, रागवायचं कुणावर... डॉक्टरची शनिवारची अपॉइंटमेंट तिला घ्यायला लावली, तिचा मेसेज आल्यावरच मी जेवायला बसले.

शनिवारी काय निघेल, माहीत नाही. पण इथे सगळ्यांसमोर लिहिते, माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. तुम्हाला त्रास असेल तर आज सांगा, घरातल्या कुणाला तरी.

इंग्रिड, थँक यू... लिफ्टमधल्या प्रश्नासाठीसुद्धा.