न पाहिलेली खपली

कुंभकोणमच्या एका खासगी इस्पितळात मी तापाच्या वॉर्डची मुख्य परिचारिका आहे. या कामात मला एक गोष्ट फार चांगली येते, आणि ती सांगताना मी लाजत नाही: उण्णीच्या तापाची खपली मी शोधून काढते. नवे डॉक्टर रक्ताच्या अहवालाची वाट पाहत असतात, तोवर मी पडदा ओढून रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलेलं असतं.

उण्णी म्हणजे आमच्याकडे गोचिडीच्या जातीचा बारीक किडा. डॉक्टर या आजाराला स्क्रब टायफस म्हणतात. शेतातल्या उंदरांच्या अंगावर हे किडे पोसतात. त्यांची पिल्लं डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी असतात. ती गवताच्या पात्यावर बसून राहतात. माणूस तिथे टेकला की त्याच्या अंगावर चढतात आणि काखेत, कमरेला, जांघेत, जिथे कातडी मऊ असते तिथे चावतात. चावलेलं कळत नाही. आठ-दहा दिवसांनी ताप भरतो, आणि चावलेल्या जागी विडीचा चटका बसावा तशी काळी खपली दिसते. ती दुखत नाही, खाजत नाही. म्हणून रुग्ण सांगत नाही, आणि बायका तर नाहीच नाही.

माझी आत्या साक्कोट्टैला राहते. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मूलबाळ नाही. कालव्याच्या बांधावर बसून दूर्वा खुडायच्या, त्यांच्या जुड्या बांधायच्या आणि सकाळच्या बसने कुंभकोणमला आणून गणपतीच्या देवळांत पोचवायच्या, हे तिचं काम. मार्गळीच्या महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषात, दूर्वांना मागणी फार. दव पडलेल्या गवतात ती पहाटेपासून उकिडवी बसायची.

त्या मार्गळीत तिला ताप आला. पाच दिवस तिने कुणाला सांगितलं नाही. सहाव्या दिवशी शेजारणीने मला फोन केला, "अक्का, तुमची अत्तै उठत नाही." मी रिक्षा घेऊन गेले आणि तिला आमच्याच वॉर्डात आणून दाखल केलं. डोकं दुखत होतं, डोळे लाल होते, प्लेटलेट कमी झाल्या होत्या. गावात डेंग्यूची साथ होती, म्हणून आधी तीच तपासणी झाली. डेंग्यू नव्हता. टायफॉइडही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत डॉक्टर तिच्या खाटेपाशी थांबले. वयाने ते माझ्यापेक्षा बरेच लहान, पण हुशार. त्यांनी विचारलं, "सिस्टर, अंगावर कुठे खपली?"

"नाही डॉक्टर," मी म्हणाले. "पाहिलंय."

मी पाहिलेलं नव्हतं. हात पाहिले होते, पाठ पाहिली होती, पोटऱ्या पाहिल्या होत्या. बाकीचं नाही. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या घरात सुना-मुलींनी तिच्यासमोर मोठ्याने हसायचंही नाही, असा तिचा धाक. तिचं नऊवारी लुगडं मी तिच्या अंगावर कधी ढळलेलं पाहिलं नव्हतं. मी मनाशी म्हटलं होतं, आत्याला काही असतं तर तिने सांगितलं असतं. परक्या बायकांच्या बाबतीत हे वाक्य कुणी उच्चारलं असतं, तर मी त्याला वॉर्डाबाहेर काढलं असतं.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. मी तापाचे तक्ते भरायला बसले. दहा वाजता तिचे श्वास मोजले तेव्हा ते मिनिटाला तीसच्या वर गेलेले होते. मी घड्याळ लावून पुन्हा मोजले. तेवढेच. या तापात उशीर झाला की तो फुप्फुसात उतरतो, हे मी पाहिलेलं आहे.

मी पडदा ओढला. घरात आम्ही मराठीच बोलतो, तंजावरची जुनी मराठी. मी पुण्यात नर्सिंग शिकले तेव्हा मैत्रिणी मला त्या बोलीवरून हसायच्या, म्हणून लिहिताना मी त्यांच्यासारखं लिहायला शिकले. पण आत्याशी तिच्याच बोलीत बोलावं लागतं.

"आत्या, लुगडं सैल करायचंय. मज तुझं अंग पाहायचंय."

तिने डोळे उघडले. "कशाला?"

"किडा चावला असेल."

"मज काही चावलं नाही."

"चावलेलं कळत नाही, आत्या."

"मग तुज कसं कळतं?" ती धापा टाकत म्हणाली. "सिस्टर लोक सुई टोचतात. लुगडी सोडत नाहीत. जा."

मी तिथेच उभी राहिले. मी खाली वाकून तिच्या कानाशी म्हटलं, "सकाळी मी डॉक्टरांशी खोटं बोलले. तुझी लाज राखायला म्हणून बोलले. तू नाही म्हणालीस तर मी आत्ता जाऊन त्यांना खरं सांगणार. मग ते दुसरी सिस्टर पाठवतील. कोण पाहिलेली बरी, ते तू सांग."

तिने तोंड भिंतीकडे वळवलं आणि स्वतःच्या हाताने कमरेची गाठ सोडली.

खपली उजव्या जांघेत होती. अर्ध्या चिंचोक्याएवढी, काळी, भोवती लाल कडं. शेजारी बोटाला लागेल अशी गाठ सुजलेली. शेकडो खपल्या पाहिल्यात मी; ही मात्र घरातली होती. तरी धीर आला, कारण आता शत्रू समोर दिसत होता आणि त्याचं औषध आमच्या कपाटात होतं.

डॉक्टर शेजारच्या खोलीत होते. मी सरळ जाऊन म्हणाले, "डॉक्टर, सकाळी मी पाहिलंय म्हटलं ते खोटं होतं. आत्ता पाहिलं. जांघेत खपली आहे. श्वासही वाढलाय."

मला वाटलं, आता बोलतील. ते फक्त म्हणाले, "चला." खपली पाहून त्यांनी तिथल्या तिथे औषध लिहिलं, रक्ताच्या अहवालाची वाट पाहिली नाही. प्राणवायू लावला. बाहेर आल्यावर मात्र म्हणाले, "सिस्टर, हा वॉर्ड तुमच्या शब्दावर चालतो." एवढंच. हे वाक्य मला अजून बोचतं, आणि बोचलं पाहिजे.

दुसऱ्या संध्याकाळी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी प्राणवायूची नळी काढली. चौथ्या दिवशी आत्याने रसमच्या भाताला मीठ कमी आहे म्हणून स्वयंपाक्याला बोलावून घेतलं, तेव्हा मी निश्चिंत झाले.

त्याच दुपारी ती मला म्हणाली, "माझ्याबरोबर बांधावर ती शेजारीण बसते ना, जिने तुज फोन केला. तिलाही ताप होता. मेडिकलमधून गोळ्या घेऊन खात होती."

हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. पण दोघी एकाच गवतात बसत होत्या, एकाच उंदरांच्या बिळांशेजारी. ड्यूटी संपताच मी स्कूटर काढली. शेजारीण चुलीपाशी डोकं धरून बसली होती. मी दार लावलं, तिला समजावून सांगितलं आणि पाहिलं. डाव्या काखेत. मी तिच्या मुलीबरोबर तिला सरकारी आरोग्य केंद्रात पाठवलं आणि तिथल्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. वेळेत गोळ्या मिळाल्या, खाट धरावी लागली नाही.

नंतर गावातले काही जण म्हणाले, बांधावरचं सगळं गवत पेटवून देऊ. मी नको म्हटलं. जाळलं तर उंदीर घरात शिरतील, उण्णी घेऊन. घरांजवळची झुडपं तेवढी कापून टाका, अंगणात धान्याचे ढीग ठेवू नका, गवतात टेकू नका, आणि परत आल्यावर आंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाका. कुणी ऐकलं, कुणी नाही.

आत्या महिन्याभरात बांधावर परत गेली. मी मनाई केली नाही, केली असती तरी तिने ऐकली नसती. पण आता ती गवतात बसत नाही. लाकडी पाट घेऊन जाते, लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा चढवते, आणि पायांत मी आणून दिलेले गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. बसमधली मुलं हसतात. ती त्यांनाही दम देते.

मला सगळ्यांत जास्त नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. जी माझ्यापुढेही लुगडं सैल करायला तयार नव्हती, तीच आता देवळाच्या ओट्यावर बायकांना हाताने जागा दाखवून सांगते, "येथें पाहा, येथें पाहा, लाजू नका. लाजेने मी मरत होतें." तमिळमध्ये सांगते, पण "मरत होतें" मराठीत म्हणते, आणि बायकांना ते बरोबर कळतं.

मागच्या पावसाळ्यात एका गणपतीच्या देवळातल्या गुरुजींना ताप आला. आत्याने त्यांच्या बायकोला बाजूला घेऊन नीट पाहायला लावलं. बायकोने दोनदा पाहिलं. काही सापडलं नाही. गुरुजींना आमच्याकडे आणलं, तर तो डेंग्यू निघाला.

मी आत्याला फोन करून सांगितलं, "तुझी उण्णी नव्हती. डास होता."

"असूं दे," ती म्हणाली. "पाहिलें तर खरें."