विहीणबाईंच्या वाटचं सांगणं

शेवंताबाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी सुनेची नजर चुकवून गुळाचा खडा तोंडात टाकत होते. मला साखरेचा आजार आहे आणि घरात माझ्यावर पहारा आहे. फोन वाजला, सून संगीता बोलायला बाहेर गेली, तेवढ्यात मी डबा उघडला. बाहेरून तिचा आवाज आला, "माय गेली? काय सांगतोस दादा... आत्ता तर बोलले मी तिच्याशी..." तो खडा माझ्या तोंडात तसाच राहिला. थुंकता येईना, गिळता येईना. पंचाहत्तरी उलटलेली बाई, विहीण गेलीय, सून दारात मटकन बसलीय, आणि ही गालात गूळ धरून उभी! संगीताला जवळ घेतलं तेव्हाही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. शेजारणी म्हणाल्या, बाईंची दुःखानं वाचाच बसली. शेवंताबाई असत्या तर पोट धरून हसल्या असत्या. आणि डोळे पुसत म्हणाल्या असत्या, "विहीणबाई, बोलायच्या वेळेलाच तुमचं तोंड कसं भरलेलं असतं हो?"

खरं होतं ते. तेच सांगायला बसलेय.

आम्ही जालन्याचे, पिढीजात ख्रिस्ती. वडील चर्चमध्ये पाळक होते. मी भोकरदनला शिक्षिका म्हणून आले आणि इथलीच झाले. मुलगाही शिक्षक झाला, आणि एक दिवस म्हणाला की शाळेत बरोबर शिकवणाऱ्या संगीताशी लग्न करायचंय. मुलगी हसनाबादची, शेतकऱ्याघरची, हिंदू. मी मागणी घालायला गेले ती माझी सगळी ऐट घेऊन. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, आणि बसमध्ये पाठ करत आणलेलं भाषण. त्यांच्या ओसरीवर बसून मी ते भाषण ठोकलं. पोरीनं तिचा देव सोडायची गरज नाही, आमचा धरायची गरज नाही, आणि "आमच्या धर्माचं एक अक्षरही या घरात माझ्या तोंडून निघणार नाही, शब्द देते." व्याही खूश झाले. "बाई सुधारलेली हाय," म्हणाले. मी अशी फुलले की विचारू नका. शेवंताबाई तेवढ्या दाराच्या चौकटीला टेकून, पदर दातात धरून माझ्याकडे बघत होत्या. पुढे त्यांनीच मला सांगितलं, "मला वाटलं, या बाईच्या घरात कायतरी झाकून ठेवण्यासारखं असल."

आणि झाकलं तर काय झाकलं! हसनाबादची मंडळी येणार म्हटलं की मी बैठकीच्या खोलीतलं बायबलच्या वचनाचं चौकटीतलं कापड, माझ्या आईनं स्वतःच्या हातानं भरलेलं, काढून कपाटात ठेवायची आणि तिथं बदकांचं चित्र टांगायची. नाताळच्या करंज्या डबा भरून हसनाबादला पाठवायची आणि निरोप द्यायची, "थंडीच्या सहज केल्या होत्या." दरवर्षी ऐन नाताळात सहज करंज्या करणारी बाई! शेवंताबाईंनी एकदा विचारलं, "तुमच्यात या दिवसांत कायतरी सण असतो ना?" मी म्हटलं, "असतो आपला छोटासा." येशूचा जन्म, आणि म्हणे आपला छोटासा... तरुणपणी माणूस मूर्ख असतं हे मान्य, पण मी तेव्हा तरुणही नव्हते. नुसतीच मूर्ख होते.

मग व्याह्यांना जालन्याच्या दवाखान्यात नेलं. छातीचं दुखणं होतं. मी भेटायला गेले तर शेवंताबाई बाहेरच्या बाकावर बसलेल्या, डोळे कोरडे. माझा हात धरून म्हणाल्या, "विहीणबाई, अशा टायमाला तुमच्यात काय करतात?" बघा, बाईनं दार स्वतः उघडलं होतं. मी तिच्या शेजारी बसून एक प्रार्थना म्हटली असती तरी पुरे होतं. पण मला माझा शब्द आठवला. मी म्हटलं, "तुमचं तुम्ही करा हो, डॉक्टर चांगले आहेत," आणि चहा आणायला गेले. चहाबरोबर ग्लुकोजची बिस्किटं आणली. त्यांनी ती हातात धरली, खाल्ली नाहीत. व्याही त्याच दवाखान्यात वारले. मी परतीच्या बसमध्ये स्वतःचंच कौतुक केलं, की अशा प्रसंगीसुद्धा आपण आपली पायरी सोडली नाही.

त्यानंतर शेवंताबाई गप्प झाल्या. संगीता माहेरी जाऊन आली की रडायची, माय जेवत नाही, बोलत नाही. बरेच महिने असेच गेले. आणि एका टळटळीत दुपारी एसटीतून उतरून त्या आमच्या दारात उभ्या. चपलासुद्धा न काढता ओरडल्या, "विहीणबाई, सापडलं!"

मला वाटलं, मागच्या खेपेला हरवलेलं कानातलं फूल. म्हटलं, "कुठं होतं?"

"तुमच्याच घरात होतं म्हणे!" त्या हसल्या. इतक्या दिवसांनी हसल्या की संगीता स्वयंपाकघरातून पळत आली.

मग त्यांनी सांगितलं. व्याह्यांनी दवाखान्यात नेण्याच्या आदल्या संध्याकाळी छातीत जळजळ होतेय म्हटलं तेव्हा त्यांनी ओवा चावायला दिला होता. सकाळी जाऊ, म्हणाल्या होत्या. "म्या मारलं त्याला, असं धरून जगून राह्यले होते. कुणाला सांगावं? पोराला? पोरीला? दवाखान्यात एक नर्स होती, तिच्यापाशी ते पहिल्यांदा निघालं तोंडातून. ती घाबरली न्हाई. म्हणली, मावशी, हे ओझं तुम्ही एकटीनं वाहायचं न्हाई, हे वाहणारा हाय. मंग तिनं मला येशूचं सांगितलं. मी जालन्याला जाऊन जाऊन ऐकलं. एक दिवस तिच्या खोलीत मी बोलले त्याच्यासंगं, की बाबा, हे घे. अन् घेतलं हो त्यानं! बिलकुल हलकं झालं. मी परत येताना बसमध्ये झोपले, विहीणबाई. किती दिवसांनी झोपले."

मी ऐकत होते. मला हे सगळं पाळण्यापासून पाठ. रविवारच्या शाळेत मी माफीचा धडा मुलांना इतक्यांदा शिकवला की झोपेत विचारलं तरी सांगेन. पण माफी मिळालेल्या माणसाचं तोंड मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते.

त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला ठावं होतं?"

"हो."

"ल्हानपणापासून?"

"हो."

"मंग मला का न्हाई सांगितलं?" रागावून नाही हो... आश्चर्यानं. "घरात पुरण शिजलेलं, अन् पाहुणीला बिस्किटं?"

मी म्हटलं, "चहा टाकू का?"

त्यांनी पुढे बाप्तिस्मा घेतला. नाव तेच ठेवलं, कुंकू लावायचं का नाही यावर आमच्या चर्चच्या मंडळीत चर्चा झाली तेव्हा म्हणाल्या, "चर्चा तुम्ही करा, मी जरा बाहेर बसते." आणि बाहेर बसून तिथल्या चहावाल्याच्या बायकोला आपली गोष्ट सांगून आल्या! त्यांना ते सांगितल्याशिवाय राहवतच नसे. भोकरदनच्या बाजारात, दळणाच्या रांगेत, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला. मी सोबत असले की खिडकीबाहेर बघायची, जणू ही बाई माझी कुणीच नाही. पण कान तिकडेच. त्या कुणाच्या देवाला नावं ठेवत नसत, कुणाला आमच्यात या म्हणत नसत. माझं असं असं झालं, एवढंच सांगत. एकदा एका बाईनं फटकारलं, "आम्हाला नगं तुमचं ते!" शेवंताबाई म्हणाल्या, "बरं बाई. मंग शेंगा तरी घे." त्या बाईनं शेंगा घेतल्या. खात खात विचारलं, "ओवा दिल्ता म्हणता, मंग पुढं?"

मी त्यांना दटावायची. "हळू बोला, विहीणबाई. लोकांना वाटेल, आपण बाटवायला निघालो."

"हळू कसं बोलू? नातू झाला तेव्हा तुम्ही हळू बोलल्या होत्या का? गल्लीभर पेढे वाटले. हसनाबादपर्यंत फोन केला, सकाळच्या पारी!"

 

पण हसनाबादला कुजबुज सुरू झाली. त्यांचा मुलगा चांगला. तो म्हणाला, माय, तुला सुख वाटतं ना, बस. मात्र शेजारच्या घरातल्या त्यांच्या थोरल्या जावेनं, कौशल्याबाईनं, बोलणं तोडलं. दोन्ही घरांची भिंत एक, ओसरी एक. आणि कौशल्याबाईच्या नातीच्या लग्नात शेवंताबाईंना पंगतीला बोलावलं नाही. मांडव यांच्या दारापर्यंत आलेला, वाढप्यांची हाक घरात ऐकू येतेय, आणि या आत बसलेल्या. मला मात्र आमंत्रण होतं. संगीताची सासू, शिकलेली बाई, मानाची! मी गेले. जेवले. मग मागच्या दारानं शेवंताबाईंकडे गेले. त्या रडत होत्या. आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "मी सांगत नव्हते का, हळू बोला म्हणून?"

हे वाक्य मी अजून गिळतेय.

त्यांनी डोळे पुसले. म्हणाल्या, "सांगत होत्या, बराबर हाय. पण तुम्हाला बोलावतात ना अजून? तुम्हाला पाटावर बसवतात. मंग माझं एक काम करा. माझ्या वाटचं तुम्ही सांगा तिथं. कौशल्याबाई माझं ऐकत न्हाई, मी तोंड उघडलं की उठून जाते. तिला कुणीतरी सांगायला पायजे, की मला येड न्हाई लागलं. मला काय भेटलं ते सांगा. तुमचं ऐकल ती."

मी हो म्हटलं. हो म्हणायला मी कधीच कचरले नाही. त्यानंतर हसनाबादला बारसं झालं, वास्तुशांत झाली, कितीदा तरी कौशल्याबाईच्या शेजारी जेवायला बसले. भाजी चांगली झालीय, म्हटलं. कापसाचं विचारलं. तिच्या गुडघ्याला तेल सुचवलं. ते एक मात्र कधी निघालं नाही. प्रत्येक वेळी शेवंताबाई विचारायच्या, "झालं का सांगून?" मी म्हणायची, "गर्दी लई होती हो." शेवटची भेट दिवाळीनंतरची. आजारानं त्या पार वाळल्या होत्या, पण चेहरा तसाच, बसमध्ये झोपून उठलेला. मी गर्दीचं कारण सांगितलं. त्यांनी माझ्या हातावरून हात फिरवला. "बरं," म्हणाल्या, "पुढच्या खेपेला." मला दटावलं असतं तर बरं झालं असतं...

त्यांच्या इच्छेप्रमाणे मुलानं त्यांना जालन्याला ख्रिस्ती दफनभूमीत ठेवलं. त्यानंतर काही दिवसांनी मी आणि संगीता हसनाबादला दुखवट्याला बसायला गेलो. संगीता आत भावजयीपाशी गेली. मी ओसरीवर एकटी. शेवंताबाईंच्या बसण्याच्या जागी जमीन सारवून सारवून नितळ झालेली, खांबाला त्या टेकायच्या तिथं लाकूड तेलकट. मी त्या जागी बसले नाही, थोडी सरकून बसले. पलीकडून कौशल्याबाई सुपात तूर घेऊन आली आणि माझ्यासमोर निवडत बसली.  मग मान वर न करता म्हणाली, "बाई, शेवटी शेवटी मी भिंतीला कान लावून बसायची. दुखत असल की ती गाणं म्हणायची. रडणं न्हाई, गाणं. आमचा म्हातारा गेला तेव्हापासून मला रात रात झोप न्हाई, अन् ही मरायला टेकलेली, गाणं म्हणून राह्यली. तिला असं काय भेटलं होतं?"

मी सुरुवात केली. वाईट केली. आधी माझ्या वडिलांचं सांगितलं, ते कुणी विचारलं नव्हतं. मग घसा साफ केला आणि शेवंताबाईंचं सांगितलं. ओव्याचं, बाकाचं, नर्सचं, बसमधल्या झोपेचं. त्यांच्यासारखं मला सांगता येत नव्हतं. त्या आपल्या सापडल्याचं सांगत. मी दुसरीच्या सापडल्याचं सांगत होते. मध्येच माझा आवाज फुटला, आणि तेव्हा कुठं मी माझं बोलले. की हे माझ्याही घरात होतं, माझंही होतं, मला त्याचा आनंदही होता हो... फक्त लाज जास्त होती.

कौशल्याबाईचे हात थांबले होते. "ओव्याचं तिनं कधीच न्हाई सांगितलं मला," ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "मी कुठं सांगू दिलं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "आम्हाला वाटलं, नवरा गेल्यावर बाईचं डोस्कं फिरलं. तुम्ही शिकलेल्या, बाई. तुम्ही हे तेव्हा एकदा बोलल्या असत्या ना, तं मी स्वतः तिचा हात धरून पंगतीला नेलं असतं."

तिनं ते टोचून म्हटलं नाही. टोचणाऱ्याला निदान उलट बोलता येतं.  माफीचा तो सगळा धडा मला पाठ आहे, आणि तिथं, त्या सारवलेल्या जमिनीवर, मला त्यातलं एक अक्षर आठवेना.

संगीता आतून म्हणाली, "आई, बस यायची वेळ झाली."

मी उठायला लागले. कौशल्याबाईनं तुरीचं सूप बाजूला सारलं आणि शेवंताबाईंच्या त्या नितळ जागेवर हात आपटला. "बस जाऊ द्या," म्हणाली. "हितं सरका. तुमच्यातलं ते गाणं कोणतं होतं, तेवढं सांगा."

मी सरकले.