वीतभर अंतर

आमच्या कारखान्यात चिकट रेझिन वाहून नेणाऱ्या पाइपला वाफेची एक बारीक नळी बिलगून बांधलेली असते. तिच्या उबेने रेझिन पातळ राहतं. मागे एका टेकूपाशी कुणीतरी सोयीसाठी ती नळी वीतभर लांबून वळवली. रेझिन नेमकं तिथेच थबकलं आणि थांबल्या जागी दगड झालं.

आता नळी नीट बांधून तीन दिवस वाफ सोडली आहे. आज सकाळी आमचे जुने फिटर शिंदेमामा हातोडीने पाइप ठोकून बघत होते. ठस्स, भरीव आवाज येत होता.

"साहेब, उगाच वाफ घालवताय. हे आता वितळायचं नाही. ऊब तेव्हा हवी होती."

मला माझा थोरला भाऊ आठवला. वहिनी अंथरुणाला खिळली होती, तेव्हा कामाची सबब सांगून मी महिनाभर फिरकलो नाही. तेवढ्यात ती गेली. तेव्हापासून दर रविवारी न चुकता फोन करतो, दिवाळीला जातो, त्याच्या शेजारी बसून राहतो.

आजही रविवार. घरी येऊन फोन लावला.

"बरा आहेस ना, दादा?"

"बरा आहे," तो म्हणाला.

आवाज तसाच, सकाळी पाइपमधून आला होता तसा.