कोयत्यातली काळी रेघ

वरव्याजवळच्या एका कारखान्यात मी तपासणीला आहे. तांब्याची आणि अ‍ॅल्युमिनियमची पट्टी रोलमध्ये दाबून एकजीव केली, की तिचा तुकडा कापायचा, घासून आरशासारखा करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. दाब कमी पडला असेल तर दोन थरांच्या मधे काळी रेघ दिसते.

आमचं घर लोहाराचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, मऊ लोखंडाच्या दोन पट्ट्यांमध्ये पोलाद घालून कोयते करायचे. ते छोट्या हातोडीनं जागा दाखवत आणि आई नेमका तिथं घण घालायची. लोहाराच्या घरात घण बाईचाच. अजूनही नसरापुरात एखाद्या गॅरेजमध्ये लोखंडावर ठोका पडला की मी थबकते. आईची फार आठवण येते.

आई गेल्यावर मी घण उचलायला गेले, तर अण्णांनी तो काढून घेतला. "तू शाळंत जा." मी गेले. खरं सांगायचं तर सुटल्यासारखंच वाटलं. ते एकटेच ठोकत राहिले. वर्षाच्या आत भाटघरच्या एका शेतकऱ्यानं कोयता परत आणला, धारेपाशी उकललेला. "पोलाद खोटं निगालं," म्हणून अण्णांनी त्याला दुसरा दिला आणि भट्टी विझवली ती कायमचीच.

परवा साहेबांना विचारून घरात पडून राहिलेल्या त्या उकललेल्या कोयत्याचा आणि आईच्या वेळच्या एका कोयत्याचा तुकडा मी कापून पाहिला. पोलाद दोन्हींत चांगलं होतं. आईच्या कोयत्यात सांधा स्वच्छ होता. दुसऱ्यात मात्र तीच काळी रेघ. तापलेल्या लोखंडावरची पापडी घणाच्या जोरानं बाहेर फेकली जाते, ती आतच राहिली होती. मला तिथंच रडू आलं.

पोलादच वाईट होतं असं अण्णांना खोटं सांगावं, असं एसटीत बसल्यापासून मनात घोळत होतं. जमलं नाही.

"अण्णा, पोलाद चांगलं व्हतं. घाव कमी पडलं."

"ठावं हाय मला. तवाच कळलं व्हतं."

"मग पोलादाला का बोल लावला?"

"न्हाईतर तू शाळा सोडून घण धरला असता."

मी मोबाईलवर आईच्या कोयत्याचा सूक्ष्मदर्शकातला फोटो मोठा करून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी त्या स्वच्छ सांध्यावरून अंगठा फिरवला, तसा फोटो सरकून गेला.

"परत आण," ते म्हणाले.